बारा गावचे पाणी

माननीय संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे ‘राज्यातील माझे आवडते शहर’ या विषयावर वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत आणि ती सर्व मी आवर्जून वाचत आलो आहे. बहुतेकांनी पुण्याचे नाव घेतले, त्याखालोखाल नाशिक आणि कोल्हापूर आले, नागपूरकरांनी आपल्या रुंद रस्त्यांची आणि झाडांची बाजू नेटाने मांडली. कारणे म्हणून हवा, शिक्षणाच्या सोयी, नाटके, मिसळ आणि माणसांचा स्वभाव यांचा उल्लेख झाला. यांतले काहीच खोटे नाही. परंतु एवढ्या पत्रांत एकाही लेखकाने आपल्या आवडत्या गावाला पाणी कोठून येते, हे लिहिलेले नाही. ज्या माणसाने नोकरीची चौतीस वर्षे याच एका प्रश्नामागे घालवली त्याला ते खटकावे, हे आपण समजून घ्याल. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. कात्री लावण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे.

मी पाणीपुरवठ्याच्या कामांवर कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. या काळात कोकणापासून वैनगंगेपर्यंत बदल्या झाल्या. ‘बारा गावचे पाणी प्यायलेला’ हा वाक्प्रचार आपल्याकडे चतुर माणसाला, बहुधा किंचित संशयाने, लावला जातो. मला तो केवळ शब्दशः लागू पडतो. चतुराई किती अंगी आली ते आमच्या घरी विचारावे, पण बारा गावांच्या पाण्याच्या चवी मात्र मला आजही वेगवेगळ्या आठवतात. बदलीच्या गावी सामान उतरवताना घरमालकाला पहिला प्रश्न भाड्याचा न विचारता ‘पाणी किती वाजता येते?’ असा विचारायचा, ही सवय तेव्हाच लागली. या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तराच्या भाषेवरूनही आपण कुठे आलो आहोत ते कळत असे. पश्चिमेकडे ‘पाणी सुटतं’ किंवा ‘पाणी येतं’ असे ऐकू येई, तर विदर्भात ‘नळ येतात’ आणि ‘नळ जातात’, जणू ते पाहुणे असावेत.

आपले राज्य ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्राचे आणि ३६ जिल्ह्यांचे आहे. त्याच्या एका टोकाला आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि सह्याद्री ओलांडून माण तालुक्यात उतरले की त्याच आभाळाखाली पाचशे मिलिमीटरचीही खात्री देता येत नाही. अशा राज्यातल्या गावांना ‘हवा चांगली आहे’ या एकाच मोजपट्टीने मोजायचे म्हटले, तर सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील पाच-सहा शहरे दरवर्षी पहिली येणार आणि चंद्रपूर, लातूर, धुळे, सोलापूर यांनी परीक्षेलाच बसू नये हे बरे. माझे म्हणणे एवढेच आहे की गाव कसे आहे हे पाहायचे असेल तर त्याने आपल्या पाण्याची तजवीज कशी केली, ते पाणी कोणाला मिळू दिले आणि त्या तजविजीची आठवण किती ठेवली, हे पाहावे. माझी आवडती गावे या हिशेबाने निघाली आहेत, आणि त्यांत लहान-मोठी दोन्ही आहेत.

पहिले नाव छत्रपती संभाजीनगरचे घेतो. मी तेथे रुजू झालो तेव्हा ते औरंगाबाद होते, आणि त्याही आधी मलिक अंबरने १६१० मध्ये राजधानी वसवली तेव्हा त्या जागेचे नाव खडकी होते. नावाप्रमाणेच जागा खडकाळ, मोठी नदी जवळ नाही, जी आहे ती खाम नदी बारमाही भरवशाची नाही. अशा ठिकाणी राजधानी वसवणाऱ्याने प्रथम पाण्याचे गणित सोडवले. शहराच्या उत्तरेच्या डोंगरपायथ्याला जमिनीखाली मुरलेले पाणी भुयारी नहरीत गोळा करायचे, उतार असा अचूक ठेवायचा की पाणी ना रेंगाळावे ना धावून दगड खावे, ठरावीक अंतरावर मनुष्य उतरू शकेल अशी तोंडे ठेवायची आणि शेवटी खापरी नळांतून ते हौदांपर्यंत पोहोचवायचे. मध्ये पंप नाही, इंजिन नाही, गुरुत्वाकर्षणाखेरीज कोणाचा पगार नाही. वाटेत जे उंच मनोरे दिसतात ते पाण्याचा दाब आणि अडकलेली हवा सांभाळण्यासाठी आहेत, हे मला एका वृद्ध प्लंबरने समजावून सांगितले. आमच्या अभ्यासक्रमात ते नव्हते. नंतरच्या काळातही अशा नहरी होत राहिल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की हे त्यांतले लोकांना ठाऊक असलेले ठिकाण. तेथे लांबून आणलेले पाणी भिंतीच्या माथ्यावरून हौदात पडते आणि त्याच्या जोरावर पूर्वी दळण दळले जाई, ज्याची भाकरी यात्रेकरूंना आणि तेथे शिकणाऱ्यांना मिळे. पर्यटक तेथे छायाचित्र काढतात आणि बीबीच्या मकबऱ्याकडे वळतात. मी तेथे अनेक रविवार नुसता बसून काढले आहेत.

आता त्याच शहराचे पाणी पैठणहून, १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरातून येते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, आणि शहर धरणापेक्षा उंचावर असल्यामुळे प्रत्येक थेंब विजेच्या जोरावर चढवावा लागतो. चारशे वर्षांपूर्वी उताराने आलेले पाणी आज चढाने येते, याला प्रगती म्हणावे की नाही यावर मी मत देत नाही. लोकसंख्या लाखांत गेली की नहर पुरणार नव्हतीच, हे कोणीही अभियंता मान्य करील. परंतु नहरीवर घरे बांधून, तिची तोंडे कचऱ्याने बुजवून आपण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो, एवढे मात्र मला कधी पचनी पडले नाही. शहर मला आवडते ते तिथल्या नान-खलियामुळे आणि दरवाजांमुळेही, पण मुळात ते आवडते यासाठी की पाणी नसलेल्या जागी आधी पाणी आणून मग ते वसवले गेले.

पुणेकरांनी रागावू नये म्हणून लगेच सांगतो की पुण्याचा इतिहासही याच जातीचा आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथून दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणले. काळा हौद, फडके हौद ही नावे आज चौकांना आणि बसथांब्यांना उरली आहेत. परंतु पुण्याच्या बाजूने लिहिणाऱ्या डझनभर पत्रांत कात्रजच्या नळाचा उल्लेख नाही आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून ज्या पाण्याने अर्धे शहर धुऊन नेले त्याचाही नाही. मुंबईबद्दल मी गप्प बसणे बरे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागल्यापासून त्या शहराने पाण्यासाठी तानसा, वैतरणा, भातसा असा शहापूर-मोखाड्याच्या दिशेने प्रवास केला, आणि ज्यांच्या शिवारातून त्या मोठ्या नळवाहिन्या जातात त्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन चालताना मी स्वतः पाहिल्या आहेत. मुंबई मला आवडते, पण या विषयापुरती नाही.

महाडचे नाव या मालिकेत कोणी घेईल असे वाटले होते. सावित्रीच्या पुराने वारंवार बुडणारे, रायगडाच्या वाटेवरचे हे लहान गाव सुट्टीच्या दिवशी लोक गाडी न थांबवता ओलांडतात. या गावात माझ्या मते राज्यातले सर्वांत महत्त्वाचे पाणी आहे, आणि ते कोणत्याही योजनेच्या आराखड्यात मोजले जात नाही. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव झाला, त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरीही अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला तेथे ओंजळ भरता येत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर हल्ला झाला, तळे ‘शुद्ध’ करून घेण्याचा प्रकार झाला, खटला उभा राहिला आणि तळे सार्वजनिक आहे हा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत १९३७ चा मार्च उजाडला. दहा वर्षे! आमच्या खात्यात योजना रखडली की आम्ही निधीकडे, ठेकेदाराकडे, विजेच्या जोडणीकडे बोट दाखवतो. महाडच्या तळ्यात पाणी भरपूर होते, चवही नावाप्रमाणे होती, घाट होता, ठरावही होता. मी कामाला लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला नवीन वस्तीचा नकाशा समोर ठेवून प्रथम विचारले होते, ‘सार्वजनिक नळ कोणत्या आळीच्या तोंडाशी ठेवला आहेस?’ तो प्रश्न त्यांनी का विचारला हे महाडला गेल्यावर मला नीट उमजले. पुढे माझ्या प्रत्येक नकाशात नळाची जागा मी स्वतः पायी जाऊन ठरवली.

कोल्हापूरविषयी इतरांनी इतके लिहिले आहे की तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती मी सोडून देतो. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला जाणे हा त्या शहराचा नित्यनेम आहे आणि तळ्याच्या काठाने शहर जगते याचे ते उत्तम उदाहरण आहे. परंतु मला त्या शहराचा हेवा दोन गोष्टींसाठी वाटतो. एक म्हणजे संस्थानाच्या तिजोरीतून राधानगरीला भोगावतीवर धरण बांधायला घेणारा राजा त्याला विसाव्या शतकाच्या आरंभीच लाभला. शाहू महाराजांच्या हयातीत ते काम पूर्ण झाले नाही, पण आज त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की खालच्या गावांना पंचगंगेच्या पुराची वर्दी मिळते. दुसरी गोष्ट अधिक दुर्मीळ आहे. या शहराचे नाव एका बांधकामाच्या प्रकाराला मिळाले. नदीच्या पात्रात दगडी खांब उभे करून त्यांच्या खाचांत पावसाळा संपल्यावर बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे, पाणी अडवायचे, आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढून नदी मोकळी करायची, या पद्धतीला राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. पैठणी पैठणच्या नावाने ओळखली जाते, चादर सोलापूरच्या, चप्पल कोल्हापूरच्याच. पण एखाद्या शहराचे नाव पाणी अडवण्याच्या रीतीला मिळावे, यापेक्षा मोठा मान आमच्या धंद्यात नाही. (बरगे वेळेवर बसवले जातात का आणि चोरीला गेलेल्या बरग्यांचा हिशेब कोण देतो, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

धुळ्याला माझी बदली झाली तेव्हा नातेवाइकांनी सांत्वनाची पत्रे पाठवली होती. उष्ण, कोरडे, लांबचे गाव. प्रत्यक्षात मी एका आखीव शहरात उतरलो, जिथे सरळ रेषेत काढलेल्या गल्ल्यांना क्रमांक आहेत आणि पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’ एवढे पुरते. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनानंतर त्यांच्या दप्तरासाठी स्थापन झालेले संशोधन मंडळ येथे आहे. परंतु मला शिकवले ते पांझरेने. साक्रीकडच्या गावांत या नदीवर शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धती मी तेथे पाहिली. नदीवर लहान बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या साऱ्या जमिनीचे केलेले मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एकच पीक, मग त्यात कोणाच्या मालकीचे किती गुंठे असोत. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे हे गावाने मिळून ठरवायचे, आणि त्याची अंमलबजावणी पाटकऱ्याने करायची. वरच्या टोकाच्या शेतकऱ्याने जास्त पाणी घेतले आणि खालच्याच्या वाट्याला चिखल आला, ही आमच्या कालव्यांवरची रोजची तक्रार या पद्धतीत उद्भवू नये, अशी तिची रचना आहे. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक याच पांझरेच्या खोऱ्यातले होते, ओढ्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळाचे. तेथल्या जुन्या माणसांना त्यांचे नाव घरच्या माणसासारखे तोंडपाठ होते. तीन वर्षांनी मी धुळे सोडले तेव्हा निरोपाला आलेल्या पाटकऱ्याने मला मेहरूणची बोरे दिली होती. सांत्वनाची पत्रे कुठे गेली, आठवत नाही.

मिरज आणि लातूर ही दोन गावे माझ्या मनात एकत्रच येतात, याचे कारण आपल्या वाचकांना ठाऊक असेल. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. तेथे भोपळे वाळत घातलेले दिसतात, त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, जिथे उरुसाला गवई हजेरी लावतात. लातूर हे डाळींच्या बाजारपेठेचे आणि शिकवण्यांचे गाव, ज्याच्या मधोमध गंजगोलाईचा वर्तुळाकार बाजार आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातूरमध्ये पाणवठ्यांवर जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी भरून रेल्वेगाडी लातूरला गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर. त्या वेळी मी निवृत्त होतो, तरी मिरजेत उतरून फलाटाच्या टोकाला उभा राहिलो. कोणी ओळखीचे नव्हते. पाण्याचे नळ वाघिणींना जोडणाऱ्या मुलांचे हात भराभर चालत होते आणि एक आजीबाई ‘आमच्या लेकीच्या गावाला चाललंय’ असे शेजारणीला सांगत होती. लातूरला वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या गाड्या मी पाहिल्या होत्या. पाणी घेऊन जाणारी तेवढी एकच. कोट्यवधींचा ऊस आणि पिण्याच्या पाण्याची गाडी एकाच खोऱ्यात कशी नांदतात, यावर तेव्हा बरेच लिहून आले आणि पाऊस पडल्यावर ते थांबले.

विदर्भातील माझे आवडते गाव नागपूर नसून पवनी आहे. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर, जुना परकोट आणि खंदक असलेले हे गाव. येथे उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडले आहेत, म्हणजे वस्ती किती जुनी असेल याचा अंदाज यावा. याच पट्ट्यात, भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत, हजारो तलाव आहेत, जे कोहळी समाजाच्या लोकांनी आणि तेथल्या मालगुजारांनी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांनी, भातासाठी बांधले. सरकारी कागदात त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि आद्याक्षरे जोडून लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. मराठीत मामा म्हणजे मायेचा माणूस, पण कोणाला ‘मामा’ बनवणे म्हणजे काय तेही आपण जाणतो. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ काढणारे हात कोणाचे हे ठरले नाही, आणि या तलावांच्या वाट्याला दोन्ही अर्थ आले. पवनीजवळच १९८८ मध्ये पायाभरणी झालेले गोसीखुर्द धरण आहे. एका बाजूला दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी कुदळ-फावड्याने बांधलेला आणि आजही भात पिकवणारा तलाव, दुसऱ्या बाजूला पिढी सरली तरी ज्याचे कालवे पूर्ण होण्याची वाट पाहिली जाते तो प्रकल्प. अभियंत्याने दोन्ही पाहून मगच बढती घ्यावी, अशी अट असायला हवी होती.

कोकणाबद्दल थोडक्यात लिहितो. जिथे आभाळ फाटते तिथेच एप्रिलमध्ये वाडीवर टँकर चढतो, हे कोडे जांभ्या दगडात आहे. पाणी त्यातून झिरपून निघून जाते. सावंतवाडीने मात्र गावाच्या मधोमध मोती तलाव राखला आहे. एका काठाला राजवाडा, दुसऱ्या काठाला बाजार, पलीकडे चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी. सावंतवाडीत मी एकच पावसाळा काढला, त्यामुळे अधिक बोलण्याचा अधिकार नाही, पण संध्याकाळी तलावाच्या कठड्यावर बसलेल्या माणसांकडे पाहून गावाला आपले पाणी डोळ्यांसमोर असण्याने किती फरक पडतो, हे मला तेथे प्रथम जाणवले.

वाईला मी कधीच नोकरीत नव्हतो, ही माझी खंत आहे. कृष्णेकाठच्या या तालुक्याच्या गावात मराठी विश्वकोशाचे काम चालले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी येथे राहून ते उभे केले आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ज्ञानकोश काढायला राजधानीच लागते असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पण मी तेथे जातो ते ढोल्या गणपतीच्या मागची भिंत पाहायला. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी घाटावरच, म्हणजे पुराच्या तोंडीच, हे मंदिर बांधले आणि त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली, जेणेकरून कृष्णेचा लोंढा तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा. गाभाऱ्यातल्या मूर्तीला नमस्कार करून सर्व जण पुढच्या दाराने परततात. माझा नमस्कार दोन्हीकडे होतो. वाईच्या घाटांवर आळीनिहाय कृष्णाबाईचा उत्सव होतो; नदीला ‘बाई’ म्हणणाऱ्या गावाला पुराशी भांडण न करता भिंत कशी बांधावी हे कळले असेल, तर त्यात नवल नाही.

आता शेवटचे नाव, आणि ते वाचून माझी मोजपट्टीच खोटी आहे असे काही वाचकांना वाटेल. निवृत्तीनंतर आमच्या घरी कुठे राहायचे यावर बरीच चर्चा झाली. पत्नीचे मत वाईचे होते, मुलाचे पुण्याचे. आम्ही सोलापूरला राहिलो. येथे उन्हाळा सोसवत नाही आणि नळाला रोज पाणी येत नाही. भीमेचे पाणी आमच्यापर्यंत येते ते शंभर किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या उजनीतून, काही नळाने आणि काही नदीत सोडून टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत वाहू देऊन, आणि त्या वाटेत किती मुरते व किती उपसले जाते हे मी नोकरीत असताना मोजलेही आहे. तरीही हे शहर मला आवडते. सिद्धेश्वराचे देऊळ तलावाच्या मधोमध आहे. तो तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खोदवला, अशी येथली श्रद्धा आहे, म्हणजे हे गाव ज्याला आपला संत मानते त्याचे मोठे कर्तृत्व पाण्याचे आहे. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात आणि त्याच तलावाजवळच्या सम्मती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली; ती नावे एकापाठोपाठ उच्चारली तरी शहराची वस्ती कळते.

गिरण्यांच्या आणि मागांच्या कामासाठी तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटक शेजारीच आहे, आणि आमची गल्ली या सर्वांची आहे. पाण्याचा दिवस असला की पहाटे व्हॉल्व्ह फिरवणारा मनुष्य सायकलवरून जातो आणि त्यानंतर दारादारांतून जे ऐकू येते ते ऐकण्यासाठी मी मुद्दाम उठून ओट्यावर बसतो. समोरचे म्हातारबा ‘नीरू बंता?’ विचारतात, पलीकडच्या सूनबाई ‘नीळ्ळू वच्चिनाया?’ म्हणून हाक देतात, कोपऱ्यावरच्या घरातून ‘पानी आया क्या?’ येते आणि आमची पत्नी आतून ‘सुटलं का हो?’ म्हणते. उत्तर देण्याचे काम, सेवाज्येष्ठतेने, माझ्याकडे आहे.

आपल्याला एकच विनंती आहे. या मालिकेतील पुढील पत्रांसाठी वाचकांना आवाहन करताना, आवडत्या शहराचे नाव आणि कारण यांच्याबरोबर ‘आपल्या घरी पाणी कोठून येते’ असा एक रकाना वाढवावा. उत्तर ठाऊक नसल्यास तो कोरा ठेवण्यास हरकत नाही. कोरे रकाने किती आले तेवढे मात्र छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता
सोलापूर